निरंक, डॅश आणि रिकामी चौकट

वाचकांचे प्रश्न : आकडेवारी आणि ‘आर’

या महिन्यातले बहुतेक प्रश्न एकाच जागी अडले आहेत : तक्त्यात आकडा नसेल तर त्या चौकटीचं करायचं काय? ‘आर’ या आकडेवारीसाठीच्या संगणकभाषेतल्या आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लिपी वापरा आणि लहान-मोठ्या अक्षरांकडे लक्ष द्या. ‘कॉलसम्स’मधला ‘एस’ मोठा नसेल तर आज्ञा चालतच नाही.

प्रश्न : जालना जिल्ह्याच्या आठ तालुक्यांचा जून ते सप्टेंबरचा रोजचा पाऊस आहे, १२२ ओळी, ८ स्तंभ. काही चौकटींत ‘निरंक’ लिहिलंय, काहींत डॅश, काही रिकाम्या. ‘अ‍ॅज डॉट न्यूमेरिक’ चालवलं की ज्या चौकटींत आकडा दिसतोय त्यांचाही एनए (आकडा उपलब्ध नसल्याची ‘आर’ची खूण) होतो. असं का? — विद्यार्थिनी, अंबड

मॅट्रिक्समध्ये, म्हणजे ‘आर’मधल्या ओळी-स्तंभांच्या तक्त्यात, सगळ्या चौकटी एकाच जातीच्या असतात. एका जागी ‘निरंक’ हा शब्द आला की साऱ्या ९७६ चौकटी अक्षरं म्हणून धरल्या जातात. अक्षरांचे आकडे करताना जे कळलं नाही त्याचा एनए होतो आणि खाली एक इशारा उमटतो, जो आपण वाचत नाही. दिसणारा आकडा गेला, त्याचं बहुधा कारण असं की तो देवनागरीत टाइप केलेला आहे. आपल्याला ‘१२.५’ सरळ वाचता येतं. ‘आर’ला देवनागरी अंक म्हणजे नुसती अक्षरं.

म्हणून फाइल वाचतानाच ‘कॉलक्लासेस’ला ‘कॅरेक्टर’ द्या, म्हणजे सगळं जसंच्या तसं आत येईल. मग ‘चार्ट-आर’ वापरून देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करा. ‘ट्रिम-डब्ल्यूएस’ने मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा काढा. त्यानंतर सगळ्यात नाजूक पायरी. ‘निरंक’ म्हणजे पर्जन्यमापक पाहिला, पाऊस नव्हता. तिथे शून्य लिहा. डॅश आणि रिकामी चौकट म्हणजे नोंदच नाही, तिथे एनए. (काही फायलींत नोंद नसल्याची खूण वजा ९९९ अशी असते, तीही एनए करा, एक जरी राहिली तरी सरासरी पार कोसळते.) डॅशचा अर्थ मात्र फाइल भरणाऱ्यालाच विचारा, कारण काही ठिकाणी डॅश शून्यासाठीही लिहितात. ‘निरंक’ला एनए केलंत तर कोरडे दिवस तक्त्यातून उडतील आणि रोजची सरासरी फुगेल. उलट रिकाम्या चौकटीत शून्य घातलंत तर पावसात नसलेला कोरडा खंड तयार होईल.

शेवटी ‘मोड’ला ‘न्यूमेरिक’ करा. ‘अ‍ॅज डॉट न्यूमेरिक’ थेट मॅट्रिक्सवर लावलं तर ओळी-स्तंभ मोडून एकच लांब रांग हातात येते. मग कॉलसम्स(इज.एनए(पाऊस)) चालवून तालुकावार रिकाम्या जागा मोजा आणि मूळ फाइलशी ताडून पाहा. ‘पाऊस == एनए’ असं विचारू नका; त्याचं उत्तर प्रत्येक चौकटीत एनएच येतं.

प्रश्न : ‘एनए डॉट ओमिट’ लावून मोकळं होता येणार नाही का? — मंठा

वरच्याच तक्त्यावर हिशेब करा. समजा प्रत्येक तालुक्याचे पाचच दिवस गेलेत, पण ते वेगवेगळे आहेत. ९७६ पैकी फक्त ४० चौकटी रिकाम्या, म्हणजे ४ टक्के. ‘एनए डॉट ओमिट’ मात्र पूर्ण ओळ काढतं, म्हणून १२२ पैकी ४० दिवस जातील आणि ८२ उरतील. एका चौकटीपायी सात तालुक्यांच्या चांगल्या नोंदी कशाला घालवायच्या?

प्रश्न : ‘एनए डॉट आरएम’ (एनए वगळा) सत्य, म्हणजे ‘ट्रू’, ठेवून जुलैची बेरीज घेतली, तर एका तालुक्यात शून्य आलं. तिथे पाऊस झाला होता. — बीड

त्या तालुक्याच्या जुलैच्या सगळ्याच चौकटी एनए आहेत. एनए वगळल्यावर बेरजेला काही उरत नाही आणि काहीच नसल्याची बेरीज शून्य. सरासरी घेतली असती तर ‘नॅन’ (हा आकडाच नाही) येऊन चूक दिसली असती. बेरीज ती लपवते. पावसात ही चूक फार महागात पडते, कारण नोंद नसलेला तालुका कागदावर दुष्काळी दिसतो. आधी कॉलसम्स(!इज.एनए(जुलै)) ने नोंदीचे दिवस मोजा. ३१ पैकी ३१ नसतील तर बेरीज एनए ठेवा किंवा तिच्याशेजारी दिवसांची संख्या छापा. तापमानाच्या सरासरीत दोन-तीन दिवस सुटले तर फारसं बिघडत नाही. पावसाच्या बेरजेत तेवढ्याच दिवसांत एखादी ६५ मिलिमीटरची अतिवृष्टी दडलेली असू शकते.

प्रश्न : रिकाम्या चौकटींत स्तंभाची सरासरी एका ओळीत भरली. कुठलाही इशारा आला नाही, तरी आकडे चुकीच्या तालुक्यात गेलेत. — परतूर

तुम्ही पाऊस[इज.एनए(पाऊस)] मध्ये थेट ‘कॉलमीन्स’ घातलं असणार. ‘आर’ त्या आठ सरासऱ्या रिकाम्या चौकटींत वरून खाली क्रमाने वाटत जातं, चौकट कुठल्या स्तंभातली आहे ते बघत नाही. रिकाम्या चौकटी १६ किंवा ४० असल्या की आठाने भाग जातो, म्हणून इशाराही येत नाही. बरोबर रीत : ‘व्हिच’ला ‘एआरआर डॉट इंड’ सत्य द्या, म्हणजे प्रत्येक रिकाम्या चौकटीची ओळ व स्तंभ मिळेल, आणि त्या स्तंभक्रमांकानुसार सरासरी उचला.

पण पावसाला स्तंभाची सरासरी भरूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. रोज थोडा थोडा पाऊस भरला जातो, पावसाचे दिवस वाढतात आणि चढउतार सपाट होतो. मासिक बेरीज भरायची असेल तर शेजारच्या केंद्रांवरून सामान्य-गुणोत्तर पद्धतीने भरा. समजा, आपल्या केंद्राचं सरासरी वार्षिक पर्जन्यमान ६०० मिलिमीटर आणि शेजाऱ्यांचं ७५०, ५००, ८००. त्या महिन्यात शेजारी १५०, १००, २०० पडला. प्रत्येकाला ६०० भागिले त्याचं पर्जन्यमान याने गुणा : १२०, १२०, १५०. सरासरी १३०. नुसती सरासरी घेतली असती तर १५० आले असते. पर्जन्यमानांतला फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर साधी सरासरी चालते. रोजच्या आकड्यांना ही पद्धत लावू नका. एका शिवारात धो धो आणि बांधापलीकडे कोरडं, हे आपल्याकडे नवं नाही.

आणखी एक तपासा. मापक रविवारी पाहिलाच नसेल तर सोमवारी सकाळी साडेआठच्या नोंदीत दोन्ही दिवसांचं पाणी असतं. रिकाम्या चौकटीनंतर लगेच मोठा आकडा दिसला तर वरची चौकट भरू नका, तोच पाऊस दोनदा मोजाल.

प्रश्न : विहिरींच्या पाणीपातळीत मे महिन्याच्या चौकटी सर्वांत जास्त रिकाम्या आहेत. कशाने भराव्यात? — औसा

यातल्या बऱ्याच विहिरी कोरड्या असणार, आणि कोरडी विहीर ही नोंदच आहे. समजा १२ मीटर खोल विहिरीत पाणी ऑक्टोबरात ४.२, जानेवारीत ७.१ आणि मार्चमध्ये १० मीटरवर होतं. मेमध्ये सरासरी भरली तर ७.१ येईल, म्हणजे ऐन उन्हाळ्यात पाणी मार्चपेक्षा वर आलं! इथे आकडा नसण्याचं कारण खुद्द आकड्यातच आहे, म्हणून सरासरी किंवा शेजारच्या विहिरींवरून भरलेली किंमत नेहमी एकाच बाजूला चुकेल.

तक्त्याला स्थितीचा स्तंभ जोडा : पाणी, कोरडी, नोंद नाही. कोरडीपुढे १२ लिहा आणि तो ‘किमान इतकं खोल’ असा समजा. एकाच विहिरीच्या मेच्या नोंदी वर्षानुवर्षं घेतल्या आणि निम्म्याहून कमी वर्षं ती कोरडी असेल तर मध्यक बरोबरच येतो, कारण कोरड्या वर्षांची जागा क्रमात शेवटीच असते. कल काढायचा असेल तर ‘सर्व्हायव्हल’ पॅकेजमधलं ‘सर्व्हरेग’ वापरा, कोरडी म्हणजे उजवीकडे कापलेली नोंद (खरा आकडा याहून मोठा) असं धरून. वितरण ‘गॉसियन’ द्यावं लागतं, आपोआप धरलं जातं ते ‘वायबुल’.

प्रश्न : रिकाम्या चौकटी अंदाजाने अनेकदा भरून देणाऱ्या ‘माइस’ पॅकेजने पाच भरलेले तक्ते दिले. त्यांची सरासरी घेऊन एक तक्ता करू का? — नांदेड

नको. पाचही तक्त्यांवर तुमचं विश्लेषण ‘विथ’ने वेगवेगळं चालवा आणि उत्तरं ‘पूल’ने एकत्र करा. तक्त्यांमधला फरक म्हणजेच भरलेल्या आकड्यांविषयीची अनिश्चितता, आणि सरासरी घेतली की ती पुसली जाते. पाच हा ‘माइस’चा ठरलेला आकडा आहे, ३० टक्के ओळी अपुऱ्या असतील तर तक्तेही ३०च्या आसपास करा आणि ‘सीड’ (तेच तक्ते पुन्हा मिळावेत म्हणून द्यायचा सुरुवातीचा अंक) लिहून ठेवा.