मालवणला स्कूबा करताना भोवती जमणारे काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे कोणते? कोल्हापुरात घरच्या टाकीत पाळता येतील का?

भावा, वर्णनावरून हे सार्जंट मेजर दिसतायत. डॅमसेलफिशच्या कुळातले, म्हणजे क्लाउनफिशचे भाऊबंद. पाठ पिवळी, पोट पांढरट आणि अंगावर पाच उभे काळे पट्टे. पट्टे सहा-सात असतील तर त्याच वंशातली दुसरी जात. लांबी जास्तीत जास्त 20 सेंटीमीटर. खडकापाशी थव्याने फिरतात, पाण्यातले बारीक जीव आणि शेवाळ खातात. तुमच्याभोवती जमले ते प्रेमाने नव्हे, बिस्किटं टाकणाऱ्यांनी लावलेल्या सवयीने!

खरी गंमत विणीच्या वेळची. नर खडकाचा तुकडा साफ करतो, मादी त्यावर अंडी चिकटवते आणि निघून जाते. मग राखण एकट्या नराची. तेव्हा त्याचं अंग निळसर पडतं आणि जवळ आलेल्या दुप्पट मोठ्या माशावरही तो धावून जातो.

टाकीचं म्हणाल तर सोडा. याला खारं पाणी लागतं, आपल्या नळाच्या गोड्या पाण्यात जगणार नाही. शिवाय मोठा झाला की बाकीच्या माशांना सळो की पळो करतो. हौस असेल तर गोड्या पाण्यातले एंजलफिश घ्या, पट्टे त्यांनाही असतात.