वाचकांचे प्रश्न : बायकांचा कंडोम, आत टोचणारी रिंग आणि सरकणारी कड

प्रश्न : मिस्टरांवर गुप्तरोगाचे उपचार सुरू आहेत. त्यांना कंडोम नको असतो, म्हणून मी मेडिकलमधून बायकांचा कंडोम आणला. एकदा आतली रिंग टोचत राहिली, एकदा बाहेरची रिंगसुद्धा आत ढकलली गेली. हे साधन माझ्यासाठी नाहीच का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, आधी उपचारांचं. त्रास नसला तरी तुमचीही तपासणी हवी, नाहीतर आजार एकमेकांकडे फिरत राहतो. दोघांचे उपचार पूर्ण होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत संबंध टाळा. एकाच डोसचं औषध असेल तर त्यानंतर किमान ७ दिवस. इंदूरच्या एम. वाय. या सरकारी रुग्णालयात दाखवा. एचआयव्हीची चाचणीही करून घ्या. त्याबद्दलची माहिती १०९७ या मोफत क्रमांकावर मिळते.

आता तुमच्या दोन अडचणी. रिंग टोचते ती बहुतेक वेळा पुरेशी आत न गेल्यामुळे. उकिडवं बसा किंवा एक पाय स्टुलावर ठेवा. रिंग इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दाबून आत सरकवा. मग कंडोमच्या आत तर्जनी घालून रिंग वर, कमरेच्या दिशेने, पुढच्या हाडाच्या पलीकडे जाईपर्यंत ढकला. नीट बसली की ती जाणवत नाही. कंडोमला पीळ नको, आणि बाहेरची रिंग योनीबाहेरच राहिली पाहिजे. संबंध नसताना, एकटीने, दोन-तीनदा सराव करा. घाईत हे जमत नाही. काही प्रकारांत आतल्या रिंगेऐवजी स्पंज असतो, म्हणून पाकिटातला कागद वाचाच.

बाहेरची रिंग आत जाते ती वंगण कमी पडल्यामुळे. कंडोमच्या आतल्या बाजूला पाण्यावर आधारित जेल लावा. खोबरेल तेल नको, लॅटेक्सचा कंडोम त्याने फाटतो. सुरुवातीला बाहेरची रिंग धरून लिंग हाताने आत न्या. ते कंडोमच्या बाजूने शिरलं तर साधनाचा काहीच उपयोग नाही, लगेच थांबा. दोघांनी एकदम कंडोम वापरू नयेत, घर्षणाने ते फाटतात किंवा सरकतात. संबंधानंतर उठण्याआधी बाहेरची रिंग पिळून वीर्य आतच अडकवा, ओढून काढा, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. दर वेळी नवा.

गर्भधारणेबाबत मात्र स्पष्ट सांगायला हवं. रोजच्या वापरातल्या चुका धरल्या, तर वर्षभरात १०० पैकी सुमारे २१ जणींना दिवस राहतात. दर वेळी अचूक वापरला तर सुमारे ५. मूल नकोच असेल, तर संसर्ग बरा झाल्यावर तांबीचा विचार करा, आत्ता नको. तांबी असली तरी आजारापासून बचावासाठी कंडोम लागेलच.

पुन्हा सरकला आणि वीर्य आत गेलं, तर आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी (लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम) ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ती संसर्ग रोखत नाही. एचआयव्हीची शंका असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात.