‘अ‍ॅक्युम्युलेटर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फुटबॉलमधल्या ‘अ‍ॅक्युम्युलेटर’विषयीचा, म्हणजे अनेक सामन्यांचे अंदाज जोडून लावलेल्या एकाच पैजेविषयीचा, एक इंग्रजी लेख तुम्ही मराठीत आणत आहात. यांत्रिक भाषांतरात त्याचं शीर्षक ‘अधिक हुशार संचायक बांधणे’ असं आलं, आणि आत एक वाक्य असं आलं: ‘पाच पायांच्या संचायकातील एक पाय रिकामा झाल्यास उर्वरित पाय उभे राहतात.’ ‘संचायक’ ठेवावा का, ‘लेग’ला, म्हणजे अशा पैजेतल्या एकेका अंदाजाला, काय म्हणावं आणि शीर्षक कसं करावं, असं तुम्ही विचारलं आहे.

‘संचायक’ ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शब्द म्हणून तो चुकीचा नाही. ‘अ‍ॅक्युम्युलेटर’च्या मुळाशी लॅटिन ‘क्युम्युलस’, म्हणजे ढीग, रास. ढिगासारख्या फुगीर ढगांना क्युम्युलस म्हणतात ते त्यामुळेच. विजेची साठवण करणाऱ्या घटाला आणि संगणकातल्या एका रजिस्टरला आपण ‘संचायक’ म्हणतो, आणि तिथे तो शोभतो, कारण तिथे खरोखर काहीतरी साठत असतं. या पैजेत मात्र शेवटचा सामना संपेपर्यंत हाती काहीच साठत नाही.

ही पैज चालते कशी ते एकदा जवळून पाहू. तीन सामने निवडले, त्यांचे भाव २.००, १.५० आणि १.८०. यातल्या ‘ऑड्स’ला सट्ट्याच्या व्यवहारात सरळ ‘भाव’ म्हणतात, तोच शब्द घ्यावा. पहिल्यावर १०० लावले आणि तो निकाल बरोबर आला, की त्याचे २०० होतात. हे २०० हातात न येता आपोआप दुसऱ्या सामन्यावर लागतात, त्याचे ३०० होतात. ते तिसऱ्यावर, त्याचे ५४०. तिन्ही भावांचा गुणाकार ५.४०, म्हणून परतावा ५४०. यात मूळचे १०० धरलेले आहेत, नफा ४४० चा. ‘परतावा’ आणि ‘नफा’ यांची गल्लत भाषांतरात फार होते, तेवढी सांभाळा.

जिंकलेली रक्कम मुद्दलासकट पुढे लागते म्हटल्यावर मराठी माणसाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘चक्रवाढ’. मीही बराच काळ ‘चक्रवाढ पैज’ या शब्दाच्या बाजूने होतो. अर्थ लगेच पोचतो आणि शब्द घरचा आहे. अमेरिकेत याच पैजेला ‘पार्ले’ म्हणतात. तो शब्द फ्रेंच ‘पारोली’वरून आला, आणि पत्त्यांच्या जुन्या खेळात जिंकलेले पैसे न उचलता मुद्दलासकट पुन्हा डावावर ठेवण्याला पारोली म्हणत. तिथेही मूळ कल्पना चक्रवाढीचीच आहे. तरीही मी तो शब्द सोडला. चक्रवाढ व्याजात एखाद्या वर्षी व्याज कमी मिळालं तर वाढ मंदावते, मुद्दल जागेवर राहतं. इथे एक निकाल चुकला की मुद्दलासकट सगळं जातं. ‘चक्रवाढ’ने वाढ दिसते आणि धोका झाकला जातो. ज्या शब्दामुळे वाचकाच्या पैशाची समजूत चुकू शकते, तो कितीही घरचा असला तरी घेऊ नये.

म्हणून ‘साखळी पैज’. साखळीची एक कडी तुटली की ती साखळी राहत नाही, हे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. आणि ‘लेग’चा प्रश्नही इथेच सुटतो: प्रत्येक सामन्यावरचा अंदाज ही एक ‘कडी’. दोन सामन्यांची ती दुहेरी, तीनांची तिहेरी, त्यापुढे पाच कड्यांची, सात कड्यांची साखळी. ‘चौपदरी’, ‘पाचपदरी’ असं मात्र करू नका. पदर शेजारी शेजारी असतात, कड्या एकीपुढे एक. चार पदरांपैकी एक तुटला तरी दोर टिकतो. इंग्रजीत ‘यांकी’ नावाची पैज असते, तिला पदर शोभतील. तिच्यात चार सामने निवडून त्यांच्या सहा दुहेरी, चार तिहेरी आणि एक चार कड्यांची अशा अकरा वेगवेगळ्या पैजा एकदम लागतात. एक सामना चुकला तरी तीन दुहेरी आणि एक तिहेरी शाबूत राहतात. अर्थात रक्कमही अकरा पट लागते.

आता ‘पैज’ या शब्दाबद्दल. तो ‘प्रतिज्ञा’पासून प्राकृतातून घडत आला आहे. ‘पैजेचा विडा उचलणे’ यात प्रतिज्ञेचा तो अर्थ अजून जिवंत आहे, आणि ‘अमृतातेंही पैजा जिंके’ म्हणणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या काळी, तेराव्या शतकाच्या शेवटी, तो स्पर्धेच्या अर्थानेही रुळलेला होता. ‘शर्यत’ अरबी ‘शर्त’वरून आली, पण ती आज धावण्याकडे गेली. ‘पण’ हा संस्कृत शब्द नेमका डावावर लावलेल्या वस्तूसाठी आहे. व्यवहार, देवघेव हा त्या धातूचा अर्थ. ‘पण्य’ आणि ‘विपणन’ त्याच घरातले. ‘पणाला लावणे’ आपण रोज म्हणतो. तरी एकटा ‘पण’ वापरला की ‘परंतु’ अर्थाचा ‘पण’, जो ‘पुनः’वरून आला आहे, मध्ये येतो आणि वाक्य अडखळतं. ‘स्टेक’ला ‘लावलेली रक्कम’ म्हणावं, काहीही बिघडत नाही.

शीर्षकातला ‘हुशार’ मला खरोखर खटकला. इंग्रजीत घर, फोन, पैज, काहीही ‘स्मार्ट’ असतं. मराठीत हुशारी माणसाची असते, वस्तूची नसते. पैज हुशार होत नाही, ती लावणारा डोळसपणे लावतो. विशेषणाचं क्रियाविशेषण केलं की वाक्य आपलं होतं. ‘बांधणे’ही काढा, पैज आपण लावतो. ‘डोळस’ मी मुद्दाम निवडला, कारण तुमच्या लेखाचा सगळा भर लावण्याआधी नीट पाहण्यावर आहे. काय पाहायचं, यासाठीही शब्द लागतील.

पहिली गोष्ट भावातली शक्यता. १ ला भावाने भागलं की शक्यता मिळते: भाव १.२५ म्हणजे ८० टक्के. एका सामन्याचे तीन निकाल असतात, यजमानांचा विजय, बरोबरी, पाहुण्यांचा विजय. समजा त्यांचे भाव १.८०, ३.६० आणि ४.५० आहेत. तिघांच्या शक्यता मिळवल्या तर बेरीज १०० न येता साधारण १०५.६ येते. वरचे ५.६ म्हणजे भाव ठरवणाऱ्या बुकीची कमाई. इंग्रजीत याला ‘ओव्हरराउंड’ म्हणतात. माझ्या मते याला ‘वरकड’ हा आपला जुना शब्द तंतोतंत बसतो.

साखळीत ही वरकडही कडीगणिक गुणली जाते, आणि बहुतेक भाषांतरांतून नेमकं हेच निसटतं. ज्या निकालाचा रास्त भाव २.०० असायला हवा तो १.९० ला मिळतोय, असं समजा. एका पैजेत तूट पाच टक्क्यांची. असे पाच निकाल जोडले तर रास्त भाव ३२ व्हायला हवा, प्रत्यक्षात मिळतो २४.७६. तूट जवळजवळ २३ टक्क्यांवर गेली. कड्या कमी ठेवाव्यात असं जाणकार सांगतात त्याचं कारण या गुणाकारात आहे.

‘बँकर’ला, म्हणजे साखळीतल्या सर्वांत खात्रीच्या वाटणाऱ्या अंदाजाला, ‘हुकमी कडी’ म्हणा, ‘हुकमी एक्का’ सगळ्यांना ठाऊक आहे. पण हुकमी म्हणजे अटळ नव्हे. २२ नोव्हेंबर २०२२ ला विश्वचषकात एकाच दिवशी चार सामने झाले. अर्जेंटिना सलग ३६ सामने अपराजित होती, समोर सौदी अरेबिया. दहाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर गोल केला, पूर्वार्धात अर्जेंटिनाचे आणखी तीन गोल ऑफसाइड ठरले, आणि उत्तरार्धाच्या पहिल्या काही मिनिटांत सौदीने दोन गोल करून सामना २-१ ने जिंकला. त्याच दिवशी फ्रान्सने ऑस्ट्रेलियाला ४-१ ने हरवलं, डेन्मार्क आणि ट्युनिशिया ०-० वर थांबले, मेक्सिको आणि पोलंडही ०-०. अर्जेंटिना, डेन्मार्क, फ्रान्स अशी साखळी लावली असती तर तीनपैकी दोन कड्या तुटल्या असत्या, आणि त्यातली एक संघ न हरता. फुटबॉलमध्ये साखळी जितकी पराभवाने तुटते तितकीच बरोबरीनेही तुटू शकते. ७० टक्के शक्यतेचे चार ‘हुकमी’ संघ एकत्र घेतले तरी चारही जिंकण्याची शक्यता २४ टक्के उरते.

‘जिंकणे’ या साध्या क्रियापदाकडेही लक्ष असू द्या. १८ डिसेंबर २०२२ च्या अंतिम सामन्यात ९० मिनिटं आणि भरपाईचा वेळ संपला तेव्हा अर्जेंटिना २, फ्रान्स २ अशी स्थिती होती. जादा वेळेत ३-३ झाले आणि पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिना ४-२ ने जिंकली. सामन्याच्या निकालावरच्या नेहमीच्या पैजेत जादा वेळ आणि शूटआउट धरत नाहीत, त्यामुळे तो निकाल ‘बरोबरी’ ठरतो. चषक उंचावणाऱ्या संघावर लावलेली कडी तुटते. भाषांतरात ‘अर्जेंटिना सामना जिंकेल’ आणि ‘अर्जेंटिना चषक जिंकेल’ या दोन वेगळ्या पैजा आहेत, नुसतं ‘अर्जेंटिना जिंकेल’ लिहून चालणार नाही.

एकाच सामन्यातले दोन अंदाज, म्हणजे अमुक संघ जिंकेल आणि त्याचा अमुक खेळाडू गोल करेल, हे एकमेकांवर अवलंबून असतात. त्यांचे भाव नुसते गुणून चालत नाही, म्हणून त्यांचा भाव वेगळा काढतात. इथे ‘संबंधित अंदाज’ पुरेसं आहे, नवा शब्द घडवायची गरज नाही.

राहिलं ते ‘व्हॉइड’. ‘रिकामा’ तर नकोच, आणि ‘बाद’ही टाळा, कारण खेळाच्या मजकुरात बाद होतो तो संघ, स्पर्धेतून. सामना पुढे ढकलला किंवा रद्द झाला तर नियमाप्रमाणे त्या कडीचा भाव १.०० धरतात, म्हणजे गुणाकारात ती असून नसल्यासारखी होते. ती कडी ‘तुटत’ नाही, ‘वगळली’ जाते. साखळीची कल्पना इथेही साथ देते: एक कडी काढून उरलेली साखळी पुन्हा जोडता येते.

तेव्हा शीर्षक ‘साखळी पैज डोळसपणे कशी लावावी’ असं करावं. आणि तुमचं अडलेलं वाक्य मी असं लिहीन: ‘पाच कड्यांच्या साखळी पैजेतला एखादा सामना रद्द झाला, तर ती कडी वगळतात आणि उरलेल्या चार कड्यांवर पैज चालू राहते.’