विद्युतरसायनाची प्रयोगशाळा : सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : रासायनिक अभियांत्रिकी विभागात माझी नुकतीच सहायक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली आहे. विजेच्या साहाय्याने पाण्यापासून हायड्रोजन आणि नायट्रोजनपासून अमोनिया तयार करण्याच्या संशोधनासाठी मला प्रयोगशाळा उभारायची आहे. सुरुवातीचे अनुदान मर्यादित आहे. कोणती उपकरणे आधी घ्यावीत आणि कोणता विषय आधी हाती घ्यावा?

उत्तर : आपण हायड्रोजनपासून सुरुवात करावी आणि प्रयोगशाळेतील मोजमापे विश्वासार्ह ठरेपर्यंत अमोनिया मागे ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अमोनिया हवेत, हातमोज्यांवर आणि विद्युतघटातील (ज्या पात्रात विजेने रासायनिक क्रिया घडवतात त्यातील) दोन भाग वेगळे ठेवणाऱ्या पडद्यातही अल्प प्रमाणात आढळतो. प्रयोगात तयार होणारा अमोनियाही बहुधा तितकाच अल्प असल्यामुळे या क्षेत्रातील कित्येक उत्साहवर्धक निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. २०१९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पडताळणीच्या पद्धतीनुसार तोच प्रयोग नायट्रोजनऐवजी आर्गॉन हा निष्क्रिय वायू वापरून तितकाच वेळ करावा लागतो, शिवाय नायट्रोजन-१५ या नायट्रोजनच्या जड समस्थानिकाने अमोनिया खरोखर त्याच वायूपासून झाल्याची खात्री करून घ्यावी लागते, आणि हा समस्थानिक वायूही आधी शुद्ध करावा लागतो. नव्या प्रयोगशाळेला हे पहिल्याच वर्षी झेपणे कठीण आहे.

हायड्रोजनचा हिशेब मात्र लगेच पडताळता येतो. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला एक अँपिअर प्रवाह तासभर देऊन वायू गोळा करायला सांगावे. फॅराडेच्या नियमानुसार (तयार होणारा पदार्थ वाहिलेल्या विद्युतभाराच्या प्रमाणात असतो) २५ अंश सेल्सिअस तापमानाला आणि वातावरणीय दाबाला कोरडा हायड्रोजन सुमारे ४५५ मिलिलिटर भरायला हवा. कमी भरला तर गळती शोधावी. जास्त भरला तर पाण्याची वाफ वजा करायची राहिली का, ते पाहावे. या शोधाशोधीत विद्यार्थी जे शिकतो, ते व्याख्यानातून शिकवता येत नाही.

अनुदानातून प्रतिबाधा (घटाचा बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) मोजण्याची सोय असलेला पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडचे विभव नियंत्रित करून प्रवाह मोजणारे उपकरण), वायूंचे मिश्रण वेगळे करून मोजणारा गॅस क्रोमॅटोग्राफ, अतिशुद्ध पाण्याचे यंत्र आणि ज्यांच्या तुलनेत विभव मोजतात असे चांगले संदर्भ इलेक्ट्रोड घ्यावेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी विद्यापीठातील सामायिक सुविधा पुरेशी आहे. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के या विस्तृत मर्यादेत पेट घेतो, म्हणून वायुवीजन आणि गळतीसूचक यंत्र यांवरील खर्चात काटकसर करू नये. प्लॅटिनमविरहित उत्प्रेरक तपासताना सहायक इलेक्ट्रोड (विद्युतमंडल पूर्ण करणारा दुसरा इलेक्ट्रोड) प्लॅटिनमचा ठेवू नये, कारण त्यातील धातू विरघळून तपासायच्या इलेक्ट्रोडवर बसतो आणि उत्प्रेरक आहे त्याहून सरस भासतो. त्याजागी ग्रॅफाइट वापरावे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधील लोहाचे अंशही निकेलची ऑक्सिजननिर्मितीची क्षमता अशीच वाढवतात.

शाश्वततेच्या दृष्टीने पाहता, आम्लधर्मी पडद्याच्या घटांना लागणाऱ्या इरिडियमचे जागतिक उत्पादन वर्षाला दहा टनांहूनही कमी असल्याने अल्कधर्मी माध्यमातील निकेल आणि लोह यांवर काम करणे मला अधिक सयुक्तिक वाटते. मात्र शोधनिबंधांत रूढ असलेल्या प्रति चौरस सेंटिमीटर १० मिलिअँपिअर एवढ्या प्रवाहावर समाधान मानू नये. उद्योगातील घट शेकडो मिलिअँपिअरवर वर्षानुवर्षे चालतात. त्या प्रवाहाला इलेक्ट्रोडवर साचणारे बुडबुडे, तापमान आणि झीज हेच खरे अभियांत्रिकी प्रश्न ठरतात, आणि आपल्या पहिल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला विषय त्यांतूनच द्यावा.