कार कंपन्या शर्यतींवर एवढा पैसा ओततात, तो फक्त जाहिरातीसाठीच का?

मुख्यतः हो, पण निव्वळ जाहिरात नाही. ऑडीने २००६ मध्ये फ्रान्समधली ले मान्सची २४ तासांची शर्यत डिझेल गाडीने जिंकली. डिझेल गाडी तिथे पहिल्यांदाच जिंकत होती! ‘डिझेल म्हणजे मंद’ हा शिक्का पुसायला आणखी काय हवं? रॅलीत तर नियमच असा की शर्यतीतल्या मॉडेलच्या साध्या रस्त्यावर चालणाऱ्या गाड्याही ठरावीक संख्येने बनवाव्याच लागत. १९८०च्या दशकातल्या ‘ग्रुप बी’ या रॅलीच्या गटासाठी हा आकडा २०० होता. मात्र मंदी आली की आधी कात्री इथेच लागते: २००८च्या अखेरीस होंडा, पुढच्या वर्षी बीएमडब्ल्यू आणि टोयोटा फॉर्म्युला वनमधून बाहेर पडल्या. आणि शोरूममधल्या ‘स्पोर्ट’ बॅजवर भुलू नका, बऱ्याचदा तो नुसता नट्टापट्टा असतो.