सर्व्हरसाठी केबिन सोडा!

प्रश्न : आमच्या पतपेढीचं कार्यालय परळला, हिंदमाताच्या अलीकडे, जुन्या इमारतीत तळमजल्यावर आहे. दसऱ्याला पूजा करून नवा सर्व्हर बसवायचा विचार आहे. पुरवठादार म्हणतो, मागची मोरीलगतची खोली घ्या, दीड टनाचा एसी लावा, झालं. संचालक म्हणतात, पोटमाळ्यावर ठेवा, पाणी लागणार नाही. मधोमध माझी केबिन आहे, पण तिथे आवाज नको. काय करावं?
— सचिव, परळ

उत्तर : सचिवसाहेब, तुम्हाला आवडणार नाही, पण सर्व्हरला सगळ्यात योग्य जागा तुमची केबिनच आहे. बाहेरची भिंत नाही, पाण्याचा पाइप नाही. निम्मी द्या आणि मध्ये छतापर्यंत पार्टिशन घाला. आवाज बराच अडेल.

मोरीच्या भिंतीला ओल असते हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याहून वाईट म्हणजे गटारातून वर येणारा हायड्रोजन सल्फाइड. घरातली चांदी ज्याने काळी पडते, तोच वायू सर्किट बोर्डावरचं तांबं आणि चांदीही खातो. मी गेली कित्येक वर्षं मुंबईत सर्व्हरच्या खोल्या लावून देते. शौचालयाशेजारी ठेवलेल्या मशीनचे काळवंडलेले बोर्ड मी पाहिलेत. वॉरंटीवाले असल्या बोर्डाकडे बघून हात वर करतात.

पोटमाळ्यावर पाणी पोचणार नाही, खरं. पण गरम हवा वरच साठते, आणि वीज गेल्यावर सर्व्हर चालू ठेवणाऱ्या यूपीएसच्या बॅटऱ्यांचं काय? ४२ अँपिअर-अवरची एक बॅटरी तेरा-चौदा किलोची. सोळा लावल्या तर दोनशे किलोंच्या वर गेलात. जुन्या तुळयांवर एवढं वजन स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून दिल्याशिवाय चढवू नका.

आता पाणी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. हिंदमाताला तुंबायला त्याच्या कितीतरी कमी पुरतो. शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा, पाणी कुठवर आलं होतं. भिंतीवर तिथे रेघ मारा आणि रॅक (सर्व्हर बसवायची चौकट), बॅटऱ्या, सॉकेट सगळं रेघेच्या चांगलं वर घ्या. खाली लोखंडी स्टँड बनवून घ्या, लाकडी नको.

पुरवठादाराचा दीड टन मला सगळ्यात खटकतो. कमी म्हणून नाही, जास्त म्हणून! एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढायची ताकद. तुमचा सर्व्हर, नेटवर्कचा स्विच आणि यूपीएस मिळून किलोवॅटच्या आसपास असतील. गरजेपेक्षा मोठा एसी छोटी खोली झटकन गार करतो, कॉम्प्रेसर थांबतो, आणि हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार, पण दमट. त्यापेक्षा एक-एक टनाचे दोन घ्या आणि टायमरवर आलटून-पालटून चालवा. चोवीस तास एकट्या घरगुती एसीवर भरवसा ठेवू नये. इनडोअर युनिट रॅकच्या डोक्यावर नको, ड्रेन पाइप तुंबला की पाणी थेट सर्व्हरवर.

तापमान २४ ठेवा. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश चालतं. ‘मशीन आहे, १६वर ठेवू’ असं कुणी म्हणालं तर रिमोट काढून घ्या. पावसाळ्यात इथल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो आकडा, २५ अंशांपर्यंत जातो. खोली जितकी गार, तितकं दार उघडताच पत्र्यावर पाणी धरणार.

वीज गेली की यूपीएसवर सर्व्हर चालू राहतो, एसी मात्र बंद पडतो. बंद खोलीत तापमान भराभर चढतं. म्हणून चार तासांच्या बॅकअपवर पैसे घालवू नका. अर्धा तास पुरे, आणि त्यात सर्व्हर आपोआप नीट बंद होईल अशी सेटिंग करून घ्या. यूपीएस ऑनलाइन प्रकारचाच घ्या, म्हणजे वीज असतानाही सर्व्हरला सतत स्वतःमार्फतच वीज देणारा. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला लावा. दोन-तीन व्होल्टच्या वर निघालं तर अर्थिंगचं काम आधी. नळाच्या पाइपला बांधलेली तार म्हणजे अर्थिंग नव्हे.

भोकं पाडणं, पीओपी, रंग हे सगळं उरकून, धूळ पुसून झाली की खोलीची परीक्षा घ्या. सर्व्हर खोक्यातच राहू दे. किलोवॅटचा रूम हीटर लावून दार बंद करा आणि दिवसभर एसी चालवा. बाहेर कुणीतरी थांबा, हीटर एकटा सोडू नका. आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर आत ठेवा. आकडा ६० टक्क्यांच्या वर राहिला तर फटी शोधा. बहुतेकदा दाराखालची किंवा जुन्या एक्झॉस्ट फॅनची निघते. ऑक्टोबरच्या उकाड्यात खोली पास झाली तर मग खोकं उघडा.

पूजा जरूर करा, फक्त नारळ दाराबाहेर फोडा, उदबत्तीही बाहेरच. हळद-कुंकू रॅकच्या बाजूला लावा, पुढच्या जाळीला नको. हवा तिथूनच आत खेचली जाते.

दाराशी अग्निशामक कार्बन डायऑक्साइडचा टांगा. पावडरचा मारलात तर आग विझेल, पण सर्व्हरही कामातून जाईल. कार्बन डायऑक्साइडचा वापरताना दार उघडं ठेवा आणि लगेच बाहेर या, त्या वायूने लहान खोलीत माणूस गुदमरतो.