गाडी लागते तेव्हा मनगटावरचा अ‍ॅक्युप्रेशरचा बिंदू नेमका कुठे दाबायचा?

चिनी वैद्यकात या बिंदूला 'नेइग्वान' म्हणतात, म्हणजे आतला दरवाजा. मळमळीसाठी सगळ्यात जास्त अभ्यास याच बिंदूचा झाला आहे.

तळहात वर करा. दुसऱ्या हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका जुळवून मनगटावर आडवी ठेवा. अनामिका मनगटाच्या पहिल्या घडीला टेकली पाहिजे. तर्जनीच्या वरच्या कडेला, कोपराच्या बाजूला, दोन ताठ शिरांसारखे स्नायुबंध लागतात. त्यांच्यामधली खाच हीच जागा. सापडत नसेल तर मूठ हलकी आवळून मनगट आत वाकवा, स्नायुबंध वर येतात. काहींच्या हातात यातला एक जन्मतःच नसतो, त्यांनी हाताच्या मध्यरेषेवर दाबावे.

बोटे मात्र ज्याला त्रास होतो त्याचीच मोजायची. चिनी माप 'त्सुन' प्रत्येकाच्या शरीरानुसार बदलते, त्यामुळे मुलाच्या हातावर आईची बोटे धरली की जागा हमखास चुकते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मनगटाच्या घडीवरच दाबत बसणे.

अंगठ्याच्या पेराने, नख न लावता, 2 ते 3 मिनिटे छोटे गोल फिरवत दाबा. मग दुसरा हात. बोथट दुखले तर ठीक. बोटांत झिणझिण्या आल्या तर दाब कमी करा, खालून मज्जातंतू जातो. आणि उलटी सुरू होण्याची वाट पाहू नका, घाट लागण्याआधीच सुरुवात करा.

गरोदरपणातही हा बिंदू चालतो. अंगठा-तर्जनीच्या मधला 'हेगू' मात्र तेव्हा परंपरेने वर्ज्य आहे. उलट्या थांबतच नसतील तर डॉक्टरकडेच जा.